एक तास, एक सूत्र : वस्तीतल्या योगवर्गाची आखणी

जून महिन्यात दोन दिवस जवळजवळ येतात. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन आणि २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन. २१ तारखेला मैदानावर सतरंज्या पसरतात, भोंगा लागतो, फोटो निघतात. १९ तारखेला फार तर एखादी फेरी निघते. आपल्या वस्त्यांसाठी मात्र हे दोन दिवस एकमेकांना जोडलेले आहेत. विहारात योगवर्गाला जी मंडळी येऊन बसतात, त्यांच्यात कुणाच्या घरी सिकलसेलचा रुग्ण असतो, कुणी स्वतः वाहक असते आणि कुणाची तपासणीच झालेली नसते. अशा वर्गात आज काय घ्यायचे, हे टीव्हीवर पाहून ठरवता येत नाही.

हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. 'आम्ही' म्हणजे आलापल्लीत हा वर्ग चालवणाऱ्या तिघीजणी. एकीने नर्सिंगची पदविका घेऊन बरीच वर्षे दवाखान्यात काढली, एक आशाताई आहे, तिसरी शिवणकाम करते आणि वस्तीतल्या प्रत्येक घराचा उंबरठा तिला ठाऊक आहे. आमच्याकडे आरसे लावलेले सभागृह नाही. विहाराची फरशी, चार सतरंज्या, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा माठ, एवढ्यावर वर्ग चालतो. इतर गावांतल्या भगिनी विचारतात, "ताई, रोज नवीन काय घेता? आमच्याकडे आठ दिवसांत बायका कंटाळतात." त्यांना आमचे उत्तर असे की, आसनांची यादी वाढवू नका, वर्गाला सूत्र द्या.

सूत्र म्हणजे काय?

एका तासाला एकच विषय. आज पाठ, तर सगळा तास पाठीचा. आज पाय जमिनीवर नीट टेकणे, तर उभे राहताना, बसताना, झोपतानाही लक्ष पायांकडे. सूत्र असले की बाई घरी जाताना एक गोष्ट नक्की घेऊन जाते. सूत्र नसले तर वीस आसने होतात आणि दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही.

ही कल्पना आमची नाही. महाराष्ट्रातच ती शंभर वर्षे घडत आली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन करताना शरीरात नेमके काय होते, हे त्यांनी एक्स-रे काढून, रक्तदाब मोजून तपासायला घेतले. चमत्काराच्या गोष्टी बाजूला ठेवून मोजमाप करण्याची ही रीत आपल्याला पटण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी फार आजारी असत. मलेरिया, विषमज्वर, क्षयरोग यांनी त्यांचे शरीर खिळखिळे झाले होते. १९३७ साली ते पुण्याला शिकवायला आले आणि १९७५ साली तिथे त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या परंपरेत महिन्याचे आठवडे वाटलेले असतात : एका आठवड्यात उभी आसने, एका आठवड्यात पुढे वाकण्याची, एका आठवड्यात मागे वाकण्याची आणि शेवटी श्वास व विश्रांती. त्यांची आणखी एक मोठी देणगी म्हणजे आधार. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याच्या हाताखाली लाकडी ठोकळा, ज्याला तोल जात नाही त्याला भिंत, ज्याला खाली बसवत नाही त्याला खुर्ची, शिवाय दोर, पट्टा आणि लोड. आपल्याकडे ठोकळा नसेल, पण दुमडलेली गोधडी आहे, ओढणी आहे, भिंत तर आहेच.

तिसरे उदाहरण आपल्या वाचकांच्या जास्त ओळखीचे. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. दहा दिवसांच्या त्या शिबिराची आखणी पाहा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरभर संवेदना आणि दहाव्या दिवशी मैत्री. एकातून दुसरे निघते, म्हणूनच अगदी नवखा माणूसही दहा दिवस बसू शकतो. शिबिर दहा दिवसांचे असो की वर्ग तासाभराचा, आधी काय आणि नंतर काय हे ठरवणे हेच शिकवणाऱ्याचे खरे काम आहे.

योग आपला का?

हा प्रश्न वस्तीत विचारला जातो आणि विचारला जावा. आमच्या वर्गात मंत्र नाही, सूर्याला नमस्कार नाही, कुणाची पूजा नाही. त्रिशरण-पंचशीलाने सुरुवात होते आणि पुढे शरीर व श्वास एवढेच. श्वासावर लक्ष ठेवण्याची आनापानसती आणि शरीराकडे पाहण्याची कायानुपश्यना या तर बुद्धांच्याच शिकवणुकीतल्या आहेत. अष्टांगिक मार्गात 'सम्यक व्यायाम' आपण म्हणतो. तिथे व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत, योग्य प्रयत्न. पण प्रयत्न किती करावा, याचे माप शरीराच्या कामातही तेच लागते.

त्या मापाची एक गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या वर्गाला सांगतो. सोण नावाचा भिक्षू होता. श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा. साधनेच्या ध्यासात तो इतका चालला की त्याचे तळवे फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. तो घरी परत जाण्याचा विचार करू लागला. पूर्वी तो वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेबद्दल विचारले : तार फार ताणली तर वाजते का? फार सैल ठेवली तर वाजते का? दोन्हींना त्याचे उत्तर 'नाही' असे आले. ही गोष्ट सांगितल्यावर बायकांना वेगळे काही समजवावे लागत नाही. "तार तपासा" एवढे म्हटले की ज्या श्वास रोखून ताणत असतात त्या सैल सोडतात आणि ज्या गप्पांत असतात त्या जाग्या होतात.

महिन्याचे चार आठवडे : चार इरियापथ

सतिपट्ठान सुत्तात शरीराच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे. पालीत यांना इरियापथ म्हणतात. महिन्याचे चार आठवडे आणि या चार अवस्था यांची आम्ही जोडी लावली आहे. वर्ग आठवड्यातून तीन वेळा असतो.

पहिला आठवडा उभे राहण्याचा. आपल्या बायका दिवसभर उभ्याच असतात, मग त्यात शिकवायचे काय, असे वाटेल. पण एका पायावर भार टाकून, कंबर पुढे काढून उभे राहण्याची सवय असते. भिंतीला टाच, माकडहाड आणि पाठीचा वरचा भाग टेकवून उभे केले की कळते, कुठे पोकळी पडते आणि मान किती पुढे आली आहे. मग ताडासन, हात वर, टाचा वर, पुन्हा खाली. पाणी भरायला डोक्यावर चुंबळ ठेवून चालणाऱ्या बाईला ताठ मान सांगावी लागत नाही, ती तिला येते. आम्ही तिलाच पुढे उभी करतो आणि बाकीच्यांना तिच्याकडे बघायला सांगतो.

दुसरा आठवडा चालण्याचा. विहाराभोवती सावकाश फेऱ्या. टाच, तळवा, बोटे असा पाय कसा टेकतो ते पाहत चालायचे. गुडघ्यांसाठी याच आठवड्यात खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, पाच आकडे मोजणे आणि खाली ठेवणे. मोहफुले वेचायला, सरपण आणायला ज्या मैलोन्मैल जातात त्यांचे पाय मजबूत असतात, पण पोटऱ्या दगडासारख्या आखडलेल्या असतात. त्यांना ताकद वाढवण्यापेक्षा सैल करणे जास्त लागते.

तिसरा आठवडा बसण्याचा. तेंदूच्या हंगामात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बाई तासन् तास बसते. मान खाली, खांदे पुढे, बोटे सतत चालू. म्हणून या आठवड्यात खांदे मागे फिरवणे, मनगटे, बोटे, मान सावकाश डावी-उजवी. मान गोल गरगर फिरवायची नाही. मांडी घालवत नसेल तर खुर्ची. बसण्याच्या आठवड्यातच आम्ही श्वासाचे बसणे घेतो : दहा मिनिटे, नाकाशी येणारा-जाणारा श्वास. मोजणे नाही, रोखणे नाही.

चौथा आठवडा आडवे होण्याचा. सगळ्यात अवघड हाच. "दिवसाढवळ्या कशी लेटू जी ताई?" हे वाक्य आम्ही प्रत्येक वर्गात ऐकतो. घरातल्या बाईने दिवसा पाठ टेकवली की ती आळशी ठरते, हे तिच्या मनात इतके खोल गेले आहे की शवासनातही ती डोळे उघडून दाराकडे पाहत राहते. तेव्हा आम्ही आणखी एक प्रसंग सांगतो. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. बुद्ध रात्री उशिरापर्यंत तिथे बोलले. मग त्यांनी आनंदाला पुढचे शिकवायला सांगितले, कारण त्यांची पाठ दुखत होती आणि त्यांना थोडे आडवे व्हायचे होते. चीवर घडी करून अंथरले आणि ते उजव्या कुशीवर निजले. ज्यांनी जगाला मार्ग दाखवला त्यांनी पाठ दुखते म्हणून सांगितले आणि विश्रांती घेतली. तर आपण कोण लागून गेलो? या आठवड्यात पाय भिंतीवर टेकवून पडणे, गुडघे पोटाशी हलके घेणे, कुशीवर उशी घेऊन निजणे एवढेच असते. काही जणींना त्यात झोप लागते. आम्ही उठवत नाही.

जंगलाचे आणि शेताचे कॅलेंडर

आलापल्ली हा चौरस्ता आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचाकडे जाणारे रस्ते इथून फुटतात. सागवानाचे जंगल, वनखात्याचा लाकूड डेपो आणि भोवती धानाच्या बांध्या. इथल्या वनवैभवाला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्या जंगलाशी आणि धानाशी बांधलेल्या माणसांचे दुखणेही हंगामाप्रमाणे बदलते. म्हणून चार आठवड्यांच्या चौकटीत आम्ही हंगामाचे सूत्र बसवतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. पहाटे उठून, वाकून, एकेक फूल वेचायचे. तेव्हा सूत्र असते 'वाकणे' : कंबरेतून न वाकता गुडघे मोडून खाली कसे जायचे आणि उठायचे कसे. एप्रिलच्या अखेरीपासून तेंदू. पहाटे पाने तोडणे, दुपारी पुडे बांधणे, संध्याकाळी फळीवर देणे. या दिवसांत आम्ही वर्ग अर्ध्या तासाचाच ठेवतो आणि सूत्र असते 'पाणी आणि बोटे'. त्या उन्हात राबून आलेल्या बाईला आणखी घाम काढायला लावणे हा आरोग्याचा कार्यक्रम होऊ शकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा. पऱ्हे हातात घेऊन दिवसभर चिखलात वाकून मागे मागे सरकायचे. संध्याकाळी एकच तक्रार असते, "कंबर तुटून गेली." अशा वेळी पुन्हा पुढे वाकण्याची आसने देणे म्हणजे दुखण्यावर दुखणे. सूत्र असते 'उलट दिशा' : उभ्याने कंबरेवर हात ठेवून हलके मागे झुकणे, हातापायांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करणे, उताणे झोपून गुडघे मोडून कंबर थोडी उचलणे. त्याच तासात पायांची बोटे पाहतो. चिखल्या झाल्या असतील तर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करणे हाही त्या दिवसाच्या योगाचाच भाग.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन असते. वाचनाआधी पंधरा मिनिटे बसण्याचे सूत्र घेतले की आजीबाईसुद्धा शेवटपर्यंत ताठ बसतात. नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी, तेव्हा खांदे आणि मनगटे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सूत्र 'ऊब'. पहाटेचा वर्ग बंद, दुपारच्या उन्हात वर्ग. फरशीवर दुहेरी सतरंजी. याचे कारण पुढे येते.

प्रत्येक सूत्राची परीक्षा : सिकलसेल

सिकलसेल हा रक्तातला जन्मजात दोष. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. दोन्ही पालकांकडून दोष आला तर मूल रुग्ण, एकाकडूनच आला तर वाहक. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. पण हा जातीचा शाप नव्हे. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. लपवण्यासारखे यात काही नाही.

योगवर्गाशी याचा संबंध थेट आहे. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम, ताप आणि प्राणवायू कमी पडणे, या गोष्टींनी सिकलसेलच्या वेदनेचा झटका येऊ शकतो. आता टीव्हीवरचा वर्ग आठवा : पहाटेची थंडी, उपाशीपोटी, पाणी नाही, जोरात श्वास, दीर्घ कुंभक आणि "अजून दहा वेळा!" निरोगी माणूस कदाचित निभावून नेईल. आपल्या वर्गात ते चालणार नाही.

म्हणून सूत्र ठरवले की ते वापरण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो : वर्गातल्या सिकलसेलच्या मुलीला हे करता येईल का? येत नसेल तर सूत्र बदलायचे, तिला कोपऱ्यात बसवायचे नाही. आमचे नियम असे :

• वर्गाआधी आणि वर्गानंतर प्रत्येकीने एक-एक पेला पाणी प्यायचे. मध्ये तहान लागली तर उठून प्यायचे, विचारायचे नाही.
• श्वास रोखायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका आमच्या वर्गात नाहीत. हेच रक्तदाबाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही लागू.
• धाप लागली की थांबायचे. बोलता बोलता करता आले पाहिजे, एवढीच मेहनत.
• जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल तर मांडी घालणे, उकिडवे बसणे बंद आणि डॉक्टरांकडून तपासणी. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तो आसनाने भरून येत नाही.
• पानथरी वाढलेली असेल, मग ती सिकलसेलने असो वा मलेरियाने, तर पोटावर झोपून करायची आसने नाहीत. पोटावर दाब नको.
• डोके खाली, पाय वर अशी उलटी आसने नाहीत.
• ताप असेल तर वर्ग नाही. आधी रक्ततपासणी.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावण्यासारखी : योगाने सिकलसेल बरा होत नाही. दोष जनुकात आहे, सांध्यात नाही. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया ही औषधे "आता योग करते ना" म्हणून बंद करू नयेत. सरावाने झोप सुधारते, भीती कमी होते, सांधे हलते राहतात, दुखणे सोसण्याचे बळ येते. तेवढे पुरे आहे. त्याहून जास्त सांगणारा तुमचा हितचिंतक नाही.

सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखणे, धाप, ताप, एकदम पांढरेफटक पडणे, पोट अचानक फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा गोळीने न थांबणारी वेदना, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी दवाखाना गाठा. लहान मुलाचा ताप तर रात्रभर थांबवून पाहू नका. आपल्या भागाला अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि १०८ ची रुग्णवाहिका आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिचे लक्ष्य २०४७ चे आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी मागणे हा आपला हक्क आहे. आमच्या वर्गात नवी बाई आली की पहिल्याच आठवड्यात तिला आम्ही विचारतो, तपासणी झाली का? लग्नाच्या वयाची मुलगी-मुलगा घरात असेल तर दोनदा विचारतो.

कंबर दुखते, पण का?

'कंबर' हे सूत्र लावले की विहार भरतो. पण कंबरदुखीमागे प्रत्येक वेळी स्नायूच असतो असे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ती छापली गेली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या बायका मात्र फक्त ८ टक्के होत्या. बाकीच्या गप्प बसून सोसत होत्या. या अभ्यासाला साडेतीन दशके होऊन गेली, तरी सगळ्यांसमोर या दुखण्यांबद्दल बोलायला बाई आजही कचरते.

म्हणून कंबरेच्या सूत्राला आम्ही वेगळी जोड देतो. वर्ग संपल्यावर एक जण दहा मिनिटे पायरीवर बसते. काही बोलायचे असेल तर तिथे बोला. अंगावरून पांढरे जाते का? अंग बाहेर येते का? लघवीला जळजळ? पाळीत फार जाते? ज्या बाईला अंग बाहेर येण्याचा त्रास आहे तिला जोर लावणारे, पोट आत ओढणारे काहीही द्यायचे नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून सोडण्याचा व्यायाम तिला उताणे झोपून शिकवायचा आणि दवाखान्यात सोबत जायचे. सोबत जाणे हे आमच्या आखणीत लिहिलेले काम आहे. पाच आसने शिकवून परत पाठवलेल्या बाईपेक्षा डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली एक बाई आम्ही जास्त मोलाची मानतो.

पाळीतल्या बाईला आमचा वर्ग खुला आहे. विटाळ आपण मानत नाही. थकवा असेल तर ती आडवी पडेल, नसेल तर सगळ्यांसोबत करेल. ते तिने ठरवायचे.

तासाची वाटणी

आमचा तास असा असतो. पहिली दहा मिनिटे पाणी आणि विचारपूस : आज कुणाला ताप, कुणाला चक्कर, कोण गरोदर, कोण रात्रभर जागी. पुढची दहा मिनिटे सांधे सैल करणे. मग पंचवीस मिनिटे सूत्राचा मुख्य भाग. त्यातली प्रत्येक गोष्ट तीन तऱ्हांनी दाखवायची : उभ्याने, खुर्चीवर आणि झोपून. आधी खुर्चीवरची तऱ्हा दाखवायची, म्हणजे ती 'कमीपणाची' वाटत नाही. नंतर दहा मिनिटे आडवे होणे. शेवटची पाच मिनिटे मैत्रीभावना आणि एक वाक्य : आजचे सूत्र घरी कधी कराल? "भात रटरटेपर्यंत चुलीपाशी उभी असते तेव्हा टाचा उचलीन" असे उत्तर आले की समजायचे, सूत्र पोहोचले.

बोलताना संस्कृत नावांची गरज नाही. आमच्या वर्गात तेलुगू बोलणाऱ्या बायका येतात, माडिया घरातल्या मुलीही येतात. 'भुजंगासन'पेक्षा 'छाती उचला' सगळ्यांना कळते. आवाज मोठा नको. "बरोबर", "चूक" हे शब्द नकोत. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचे, बाई असली तरी. आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच सांगितले, कुठे उभे राहायचे, कुठे बसायचे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली तेव्हा आलापल्लीही चांदा जिल्ह्यातच होती. त्या दीक्षेने आपल्याला ताठ उभे राहायला शिकवले. योगवर्गात कुणी पुन्हा हुकूम सोडू लागले तर ते आपल्याला कसे चालेल?

तुमच्या विहारात सुरू करताना

मोठी तयारी लागत नाही. पहिल्या दिवशी आसन घेऊच नका. गोल बसा आणि तीन प्रश्न विचारा : दिवसभर कोणते काम करता? कुठे दुखते? घरात कुणाला कोणता आजार आहे? उत्तरे वहीत लिहा. वही कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, कारण त्यात विश्वासाने सांगितलेले असते. आठवडाभरात त्या वहीतूनच पहिले सूत्र निघेल. ते चार ओळींत लिहा : काय शिकवायचे, कुणासाठी टाळायचे, आधार काय लागेल, कुणाला दवाखान्यात न्यायचे. आशाताईला आणि उपकेंद्राच्या नर्सताईला ते दाखवून घ्या.

पुरुषांनाही बोलवा. डेपोत ओंडके उचलणाऱ्यांची पाठ बायकांपेक्षा कमी दुखत नाही. त्यांचा वर्ग वेगळ्या वेळी घ्या, सूत्र मात्र तेच चालेल. आणि येत्या १९ जूनला विहारात सिकलसेलची तपासणी ठेवण्यासाठी आरोग्य केंद्राला आत्ताच अर्ज द्या. तपासणी झाली की कोणाला काय झेपते ते कळेल आणि २१ जूनचा वर्ग कसा घ्यायचा हे ठरवणे सोपे जाईल.

जय भीम.